टाचेचा मुरका

खेमसिंग पुढे पडला आणि त्याचा डावा पाय मागे चिखलात उभाच राहिला.

तो पाय काही त्याच्या जन्माचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या ट्रॉलीचं चाक खऱ्या पायावरून गेलं, डॉक्टरांना गुडघ्याखालचा भाग काढावा लागला आणि पुढे एका शिबिरात हा दुसरा पाय मिळाला. पाय चांगला होता, उगाच खोटं कशाला बोला. डांबरी रस्त्यावर, दारव्ह्याच्या बाजारात, जीपमध्ये चढता-उतरता त्यानं कधी दगा दिला नव्हता. पण इकडची काळी जमीन म्हणजे डांबरी रस्ता नव्हे. आषाढात ती माणसाची चप्पल मागते, बैलाचा खूर मागते, आणि मागितलेलं बहुतेक वेळा घेतेच.

त्या दिवशी बायांचं निंदण कसं चाललंय ते बघायला खेमसिंग धुऱ्याच्या बांधावरून सोयाबीनमध्ये उतरला. चौथ्या पावलाला टाच रुतली. त्यानं सवयीनं मांडी उचलली, मांडीवरचा पट्टा सुटला आणि स्वारी सरळ तोंडावर. समोर सात बाया निंदत होत्या. त्यांची पुढारी रुपीबाई. या बाईच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. तांड्यातला एकही नवरदेव तिनं चिडवल्याशिवाय सोडला नव्हता. तीसुद्धा हसली नाही. विळा खाली ठेवून आली, मुकाट्यानं त्याला उठवून बसवलं, पाय उपटला, डबक्यात खळखळून धुतला आणि त्याच्या हातात दिला. बाकीच्या बाया माना खाली घालून निंदत राहिल्या.

हेच त्याला लागलं. दोन वर्षांपूर्वी तो असा पडला असता तर बायांनी निंदण संपेपर्यंत त्याच्यावर गाणी रचली असती. आता त्याच्या पडण्यावर हसायलाही कुणी धजत नव्हतं. म्हणजे आपण कामातून गेलो, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

घरी येऊन त्यानं जावयाला, संजयला, फोन लावला.

"पोळा झाला का जोडी घेऊन जा. तांब्या आन् पाखऱ्या, दोघंही. माह्यानं आता वावरात जानं होत नाही."

"मामाजी, काहून असं..."

"काहून-बिहून काही नाही. जनावर खुंट्याले बांधून खराब होते." आणि फोन ठेवून दिला.

त्याची बायको बिजलीबाई चुलीपाशी सगळं ऐकत होती. संध्याकाळी बैलांना तिनं सरकीची ढेप रोजच्यापेक्षा जास्त घातली.

खेमसिंग कशावर पाणी सोडत होता ते तांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. डवरा, म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधली बैलांनी करायची कोळपणी, त्याच्यासारखी कुणाची नव्हती. त्याची ओळ पाहून लोक विचारत, दोरी धरली होती का? दोरी कसली, तांब्या-पाखऱ्याच्या मागं तो नुसता चालायचा. चालणं हेच त्याचं कसब होतं, आणि नेमकं तेच गेलं होतं.

राखी ही खेमसिंगची पुतणी, धाकट्या भावाची मुलगी. पाचवीपासून वसतिगृहात राहून शिकली आणि आता यवतमाळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होती. यंत्राचे हलते भाग एकमेकांना कसे शिवतात, कसे धडकतात, कसे घासतात, ते कम्प्युटरवर मांडून बघणं हा तिचा अभ्यास. काकूनं फोनवर पडल्याची हकिगत सांगितली तशी ती पुढच्याच रविवारी एसटीनं दारव्हा आणि तिथून जीपनं तांड्यावर आली. आल्या आल्या काकाला चड्डीवर अंगणात उभं केलं आणि त्याच्या कमरेला, गुडघ्याला, घोट्याला पांढरे गोल कागद चिकटवू लागली. कागद संपले तेव्हा बिजलीबाईच्या पाकिटातल्या टिकल्या घेतल्या.

"अवं पोट्टे, मले टिकल्या लावून राह्यली? कोनी पाह्यलं त काय म्हनंन?"

"सरळ चाला, काका. मी व्हिडिओ घेऊन राह्यली. टिकली कुठी कुठी जाते त्याच्यावरून तुमची चाल मले मोजता येईन."

खेमसिंग चालला. एकदा, दोनदा, वीसदा. नंतर तिनं नकली पाय तराजूत घातला, दोरीनं मापला, वाकवून पाहिला आणि वहीत आकडे लिहून घेतले. जाताना म्हणाली, "आता तुमाले कम्प्युटरात टाकते."

"टाक. इथी तसाही माह्या काही उपेग नाही."

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन आली. पडद्यावर काड्यांचा एक माणूस उभा होता. मांडीची काडी, पिंढरीची काडी, खाली पावलाची फळी.

"हे तुमी हाय, काका."

"माह्यं डोकं कुठी हाय?"

"डोक्याचं काम नाही इथी. त्याचं वजन तेवढं टाकलं."

"मंग बरोबर हाय," बिजलीबाई आतून म्हणाली. "मानूस ओळखू आला."

राखीनं एक बटण दाबलं. काड्यांचा माणूस पाऊल टाकायला गेला आणि जमिनीतून आरपार खाली गेला. पाय गेला, कंबर गेली, सगळाच गेला. खेमसिंग दचकला. राखी हसली.

"कम्प्युटरातल्या वस्तूले अंग नसते, काका. भिंतीतून भिंत जाते, जमिनीतून पाय जाते. त्याले आपनच सांगा लागते का बाबा, इथी जमीन हाय, थांब."

"मंग सांग ना."

"तेच त सारं काम हाय." तिनं त्याचाच तळवा घेतला आणि त्यावर आपलं बोट टेकवलं. "आता हे बोट टेकलं. तुमचा हात जरासाक दबला ना? कम्प्युटरात पन आमी पाय जमिनीत तांदळाच्या कनीएवढा घुसू देतो. घुसला का तिथी एक स्प्रिंग लावतो. जेवढा घुसंन तेवढ्या जोरानं ते त्याले बाहेर ढकलते. स्प्रिंग लय कडक ठेवली त मानूस बेडकावानी उडते. नरम ठेवली त गुडघ्यापावतर खाली जाते. आन् नुसती स्प्रिंग ठेवली त टेकल्यावरही उडतच राह्यते, म्हनून तिच्यासंगं उसळी जिरवनारं बी काही टाका लागते. मंग घसरन. मंग त्या रबराचा कडकपना."

"आन् हे पाय टेकला का नाही, ते त्याले कसं समजते?"

"विचारा लागते. एका सेकंदाचे दहा हजार तुकडे करतो. दर तुकड्याले विचारतो, टेकला का? किती घुसला? किती जोरानं?"

अठ्ठावन्न वर्षं खेमसिंग चालला होता आणि एकदाही त्यानं आपल्या पायाला काही विचारलं नव्हतं. ही पोरगी एका पावलासाठी हजारो प्रश्न विचारत होती आणि एकाही उत्तराला कंटाळत नव्हती. त्याला डवऱ्याची आठवण झाली. ओळ सरळ यायची तर प्रत्येक पावलाला बैलाकडे, जमीन कापणाऱ्या फासेकडे, रोपट्याकडे नजर ठेवावी लागते. हे कामही त्याच जातीचं दिसत होतं. पण तोंडानं तो इतकंच म्हणाला, "एका पावलाले किती टाइम लागते तुह्या मशीनले?"

"एक मिनिट."

"मंग मी त्याच्यापेक्षा जलद हाओ."

त्यानंतर दोन रविवार काड्यांचा माणूस चालतच राहिला. राखीनं जमीन कडक केली, तो चालला. मऊ केली, चालला. घसरडी केली, जरा लटपटला, पण चालला. काही केल्या पडेना. कोणालाही वाटलं असतं, छान झालं. राखीचं तोंड मात्र उतरत चाललं होतं. खरा काका चौथ्या पावलाला पडला होता आणि हिचा काका पडायचं नाव घेत नव्हता. म्हणजे हिचा काका खोटा होता.

तिसऱ्या रविवारी ती लॅपटॉप पिशवीतच ठेवून एकटी पांदणीच्या गाडीवाटेनं वावराकडे निघाली. खेमसिंग अंगणातून बघत होता. ती मधेच थांबली. तिची चप्पल रुतली होती. तिनं पाय उचलला, तो अनवाणी वर आला. वाकून तिनं चप्पल ओढली, तेव्हा फच्च असा आवाज झाला. ती तशीच वाकलेली राहिली, मग चप्पल परत चिखलात दाबली आणि परत ओढली. चार-पाच वेळा तिनं हे केलं. यवतमाळात राहून पोरगी बिघडली, असं खेमसिंगला वाटलं.

ती धावत परत आली. "काका, पाय द्या तुमचा!"

कापूस वेचणीच्या वेळी गाठोडी मोजायचा लटकता काटा बिजलीबाईनं वळचणीला टांगला होता. राखीनं तो काढला, नकली पाय पांदणीतल्या चिखलात दाबून उभा केला, त्याच्या वरच्या कडेला काट्याचा आकडा अडकवला आणि सरळ वर ओढलं. काट्याची सुई सरकत सरकत अठरा किलोवर गेली, मग कुठं पाय सुटला.

"अठरा किलो!" ती म्हणाली. "काका, म्या लय मोठी चूक केली. माह्या कम्प्युटरातली जमीन फक्त ढकलते. पुस्तकातली सारी जमीन ढकलतेच. आपली जमीन त ओढते! मी इथी जन्मली, इथी चिखलात खेळली, आन् म्या दुसऱ्या कोनाची जमीन टाकली."

कपाळावर चिखल लागला होता, त्याचं तिला भान नव्हतं. आपली चूक सापडल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस खेमसिंगनं पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच आनंदानं घोटाळा केला.

पुढच्या खेपेला राखीनं जमिनीला ओढायची ताकद दिली होती. लॅपटॉप खाटेवर ठेवला. खेमसिंग, बिजलीबाई दोघंही वाकून बघत होते. काड्यांच्या माणसानं एक पाऊल टाकलं, दोन, तीन. चौथ्याला फळी जमिनीला धरून राहिली, मांडीची काडी वर गेली आणि सगळा माणूस तोंडावर आपटला. अगदी तसाच. हातही तसेच पसरलेले.

"पडला!" राखी ओरडली आणि तिनं टाळ्या वाजवल्या. "काकू, पडला! चौथ्याच पावलाले पडला!"

खेमसिंगचे कान तापले. मग घरात वापरायची कुबडी ओढून उठला.

"हे दाखवाले आली का मले? मी पडलो ते मले माईत हाय. साऱ्या तांड्याले माईत हाय. आता यवतमाळच्या पोट्ट्याइले दाखव, फी घे."

"काका, तसं नाही..."

"उद्यापासून माह्या पायाले हात लावू नको."

तो गोठ्यात जाऊन बसला. पाखऱ्याच्या मानेवर हात फिरवत बसला. रुपीबाई हसली नाही म्हणून आपल्याला वाईट वाटलं आणि ही हसली म्हणूनही वाईट वाटलं, मग आपल्याला हवंय तरी काय, हे त्याचं त्यालाच कळेना. थोड्या वेळानं बिजलीबाई चहा घेऊन आली.

"पोट्टी रडून राह्यली."

"रडू दे."

"ते तुमच्या पडन्यावर नाही हसली. मशीन आजपावतर खोटं बोलत होतं, आज खरं बोललं, म्हनून हसली." चहाचा कप तिनं त्याच्या हातात कोंबला. "तुमी पडले तवा आमी साऱ्यांनी नजर फिरवली. तुमी कसे पडले, काहून पडले, हे एकानं तरी पाह्यलं का? महिना झाला, ते पोट्टी तेवढंच पाहून राह्यली."

खेमसिंगनं चहा प्यायला. थंड झाला होता, तरी प्यायला. मग गोठ्यातूनच हाक मारली, "राखे! पडल्यावर पुढं काय करते तुह्या तो मानूस?"

पुढं काय, ते तिलाही माहीत नव्हतं. तिनं काड्यांच्या माणसाचा घोटा मोकळा केला, सगळ्या दिशांना वळेल असा, आणि कम्प्युटरला एवढंच सांगितलं की पडू नकोस, कमीत कमी जोर लाव, बाकी रीत तुझी तू शोध. कॉलेजातल्या प्रयोगशाळेत मशीन आठ दिवस चालू होतं. हजारो वेळा तो माणूस पडला. नवव्या दिवशी पडला नाही.

पण राखी आली ती खट्टू होऊन.

"चालते त खरं, काका, पन काहीतरी चुकून राह्यलं. पाहा ना. पाय उचलायच्या आधी टाच अशी झटका देते. दोन वस्तू एकमेकीपासून सुटतात ना, तिथी आमचे आकडे कधी कधी उगाच थरथरतात. तसंच असंन. हे झटका पुसून टाकते, मंग चाल साफ दिसंन."

खेमसिंगनं लॅपटॉप मांडीवर घेतला. काड्यांचा माणूस चिखलातून चालत होता. पाऊल टेकायचं, अंगाचा भार पुढे जायचा, आणि पाय उचलण्याआधी टाच बाहेरच्या अंगाला किंचित वळायची, जराशीच, जणू विडीचं थोटूक विझवावं तशी. मग पाऊल अलगद वर यायचं.

"परत दाखव."

तिनं परत दाखवलं.

"मागून दाखव."

राखीनं माणूस फिरवला. आता त्याची पाठ दिसत होती, दोन टाचा दिसत होत्या. डावी टाच वळली, उचलली. उजवी टाच वळली, उचलली.

खेमसिंगनं पडद्यावरच्या टाचेवर बोट ठेवलं. "हे बापू हाय," तो म्हणाला.

"काय?"

"माह्या बाप. तुह्या आजा. मी सहा-सात वर्साचा होतो. तो पुढं डवरा धरून चालायचा, मी त्याच्या पावलात पाऊल टाकत मांगं. माह्या नजरेसमोर बापूच्या टाचाच राह्यच्या. अशाच वळायच्या. हे चूक नाही, राखे. पुसशीन त पाह्यजो!"

त्यानं लगेच बिजलीबाईला हाक मारली आणि पांदणीच्या चिखलातून चालून दाखवायला लावलं. ती कुरकुरत चालली. राखी खाली बसून तिच्या टाचा बघत होती. वळत होत्या. प्रत्येक पावलाला.

"काकू, तुमी टाच काहून वळवता?"

"मी? मी कुठी वळवते? मी त सीधी चालून राह्यली."

मग राखी स्वतः चालली आणि मान वळवून आपल्याच टाचांकडे बघितलं. त्याही वळत होत्या. इतकी वर्षं वसतिगृहाच्या फरशीवर चालूनसुद्धा त्या विसरल्या नव्हत्या. तिनं धावत जाऊन काटा आणला. नकली पाय सरळ ओढला, अठरा किलो. टाच जराशी वळवून, कडेनं हवा आत शिरू देऊन ओढला, सात किलो. तिनं तीनदा मोजून पाहिलं.

खेमसिंग त्या काट्याकडे बघत राहिला. सगळा तांडा पिढ्यान्‌पिढ्या टाच वळवून चालत होता आणि एकालाही ते ठाऊक नव्हतं. ज्या दिवशी त्याचा घोटा गेला त्या दिवशी ते वळण गेलं. पण काय गेलं ते कळलं नाही, म्हणून नशिबाला बोल लावून तो मोकळा झाला होता. एका पोरीनं मातीला प्रामाणिकपणे मोजलं, आणि डोकं नसलेल्या काड्यांच्या माणसानं हजारो वेळा पडून त्याच्या बापाची चाल शोधून काढली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग पोळ्यापर्यंतचे दोन आठवडे घाईत गेले. राखीनं घोट्याच्या जागी बसेल अशी एक छोटी फिरकी आखली. आत एक खिळा, तो दोन्ही अंगांना थोडा वळणार आणि दोन अडण्यांवर टेकून थांबणार. कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या सदाशिवरावांनी ती लोखंडात घडवली, आणि पाय बनवणाऱ्या तंत्रज्ञानं तपासून होकार दिल्यावरच ती पायात बसली. पहिल्या दिवशी खेमसिंग दहा पावलं चालला आणि कळवळून खाली बसला. प्रत्येक पावलाला खिळा अडणीवर टण्‌ आपटत होता आणि तो दणका थेट मांडीच्या हाडात जात होता.

राखी म्हणाली, "आता हे दोघं एकमेकाले कसे शिवतात ते पाहा लागंन. अडनीले रबर पाह्यजे. पन कोनतं?"

तिनं अंगणात रबराचे तुकडे मांडले. ट्रॅक्टरचा ट्यूब, सायकलचा टायर, चपलेचा तळ, चक्कीचा जुना पट्टा. प्रत्येकावर हातभर उंचीवरून एकच लोखंडी गोळी टाकायची आणि ती किती उसळते ते मोबाईलमध्ये हळू करून बघायचं. ट्यूबवर गोळी उड्या मारत राहिली. चपलेत ती रुतून बसली. चक्कीच्या पट्ट्यात रबराच्या थरांमध्ये कापड होतं. त्यावर गोळी जेमतेम बोटभर उठली आणि निमूट थांबली. राखीनं ते आकडे कम्प्युटरात भरले, एक रात्र आणि एक दिवस वाट पाहिली, आणि पट्ट्याचे दोन तुकडे कापून अडण्यांवर बसवले. आता टण्‌ नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी जावई संजय आणि मुलगी ममता आले. संजय सासऱ्याच्या शब्दाप्रमाणे जोडी न्यायला नवाकोरा कासरा खांद्यावर टाकून आला होता. रात्रभर पाऊस पडून गेला होता. संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकायचे, त्या खांदशेकणीआधी त्यांना धुवायचं होतं.

"मीच नेतो," खेमसिंग म्हणाला.

पांदणीतून नाल्यापर्यंत जायचं होतं. तो बैलांच्या मध्ये राहून चालला, एक हात पाखऱ्याच्या वशिंडावर ठेवून. मागून संजय, त्याच्यामागं राखी मोबाईल धरून. चौथं पाऊल आलं. टाच रुतली. खेमसिंगनं वशिंड घट्ट धरलं. त्यानं मांडी उचलली तशी फिरकी किंचित वळली, चिखलातून फुस्स करून हवा गेली आणि पाय वर आला. पाचवं पाऊल. सहावं. नाल्यापाशी बैल बाभळीला बांधून त्यानं मागं वळून पाहिलं. पांदणीत त्याच्या पावलांची ओळ उमटली होती. उजव्या पावलाच्या टाचेशी एक छोटी वळलेली कोर होती. डाव्याच्याही होती.

पलीकडच्या कपाशीत रुपीबाई आणि तिच्या बाया निंदत होत्या. खेमसिंग धुऱ्यावर क्षणभर थांबला. मग नाल्याचं, बैलांचं काम बाजूला ठेवून तो सरळ कपाशीत उतरला आणि ओळीमधून बायांच्या दिशेनं चालू लागला. बायांनी माना वर केल्या. रुपीबाई विळा हातात धरून उभी राहिली. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, परत तोंडाकडे पाहिलं. वीसेक पावलं झाली. तो पडला नाही.

"अवं बायाहो, पाहा वं!" रुपीबाईचा आवाज सगळ्या शिवारात गेला. "खेमसिंगभाऊ कसे मुरका मारत येऊन राह्यले! नव्या नवरीवानी! बिजलीबाईले सांगा वं, मानसाले घरात कोंडून ठेव म्हना, नजर लागंन!"

साती बाया एकदम हसल्या. एक तर हसता हसता चिखलातच बसली.

"रुपे, जीभ आवर!" खेमसिंग ओरडला. "तुह्या घरवाल्याले दोन पाय असून तो वावरात येत नाही, ते पाह्य आधी!" बाया आणखी हसल्या, आणि तोही हसला, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. दोन वर्षांत त्याच्याशी कुणी असं बोललं नव्हतं.

वळून तो धुऱ्याशी आला. संजय खांद्यावरचा कासरा चाचपत उभा होता.

"तो कासरा ठेवून जा," खेमसिंग म्हणाला. "पाखऱ्याचा जुना झाला."

राखी अजून मोबाईल धरूनच उभी होती. तिला धड दिसत नसावं, कारण मोबाईल आभाळाकडे वळला होता.

"काहून वं पोट्टे," खेमसिंग म्हणाला, "पडलो त्या दिवशी त टाळ्या वाजवल्या. आज काहून गप्प?"

"हातात फोन हाय, काका."

"मंग ठेव तो फोन."

राखीनं फोन संजयच्या हातात दिला आणि टाळ्या वाजवल्या.